मित्रदेशाला लढाऊ विमान विकले जाणार, ही बातमी तपासावी कशी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझे मशिन शॉप सुरू होऊन बावीस वर्षे झाली. बहुतेक काम दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचे आहे. गेल्या सहा-सात वर्षांत त्यात विमानांना लागणाऱ्या लहान भागांची, म्हणजे ब्रॅकेट, बुश आणि स्पेसर यांची भर पडली आहे. हा माल आम्ही थेट विमान बनवणाऱ्याला देत नाही, आमच्या वरच्या पुरवठादाराला देतो आणि तेथून तो आणखी वर जातो. तरीही ‘अमुक देश आपले लढाऊ विमान घेणार’ अशी बातमी आली की त्याच आठवड्यात जालना, लातूर, नांदेडकडच्या तरुण उद्योजकांचे फोन सुरू होतात. प्रश्न एकच असतो: ‘काका, फाइव्ह अ‍ॅक्सिस मशिनचे कोटेशन आले आहे, बँकही कर्ज द्यायला तयार आहे, घेऊन टाकू का?’ (फाइव्ह अ‍ॅक्सिस म्हणजे पाच अक्षांवर हलून धातू कापणारे संगणकचलित मशिन.)

या प्रश्नामागे घर गहाण ठेवण्याची तयारी असते, म्हणून त्याचे उत्तर घाईने देणे मला जमत नाही. लढाऊ विमानाची निर्यात खरोखर होईल की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरते त्या मथळ्यात कधीच नसतात. त्या कोणत्या क्रमाने तपासाव्यात, हे मी वर्तमानपत्रे, संसदेतील उत्तरे आणि जगातील जुने व्यवहार वाचत शिकलो, आणि तोच क्रम येथे मांडतो आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण पहिल्या दोन प्रश्नांतच बहुतेक बातम्यांचा निकाल लागतो.

आधी क्रियापद वाचावे

बातमीतील विमानाचे नाव आणि आकडा बाजूला ठेवून फक्त क्रियापद पाहावे. ‘रस दाखवला’, ‘माहिती मागवली’, ‘चर्चा प्रगत टप्प्यात आहे’, ‘सामंजस्य करार झाला’, ‘निवड केली’, ‘खरेदी करारावर सह्या झाल्या’, ‘आगाऊ रक्कम जमा झाली’ या सात वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांतील शेवटच्या दोन पायऱ्यांखेरीज कोणत्याही पायरीवर कारखान्यात एक नगही कापला जात नाही. मलेशिया आपले तेजस हे लढाऊ विमान घेणार, अशी चर्चा आपल्याकडे दोन वर्षे चालू होती. २०२३ मध्ये मलेशियाने दक्षिण कोरियाच्या १८ एफए-५० विमानांच्या करारावर सही केली. अर्जेंटिनाबद्दलही असेच लिहिले जात होते. त्या देशाने २०२४ मध्ये डेन्मार्ककडून २४ वापरलेली एफ-१६ घेतली. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण तुरीच्या मराठवाड्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकी विमानांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. तेथील सरकार मोठ्या विक्रीची पूर्वसूचना संसदेला देते आणि त्या सूचनेत कमाल संख्या व कमाल रक्कम लिहिलेली असते. आपल्याकडे हीच सूचना ‘सौदा झाला’ म्हणून छापली जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीला ५० एफ-३५ आणि सोबत ड्रोन व दारूगोळा देण्याची सुमारे २३ अब्ज डॉलरची सूचना अशीच गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अमिरातीने बोलणी थांबवली आणि त्या सूचनेतले एकही एफ-३५ तेथे पोहोचले नाही. सूचना म्हणजे परवानगीच्या वाटेवरचा एक टप्पा असतो, ऑर्डर नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

विमानात कोणाकोणाचे भाग आहेत, त्याची यादी करावी

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि इतरांनीही द्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एका साध्या कागदावर पाच ओळी लिहाव्यात: इंजिन, वैमानिकाचे इजेक्शन सीट (संकटात त्याला विमानाबाहेर फेकणारे आसन), रडार, क्षेपणास्त्रे, संदेशवहन यंत्रणा. प्रत्येक ओळीपुढे तो भाग मूळ कोणत्या देशाचा आहे ते लिहावे, आणि त्याच्यापुढे त्या देशाचे खरेदीदाराशी संबंध कसे आहेत ते एका शब्दात लिहावे. ज्या ओळीत ‘वाईट’ असा शब्द येईल तेथे विक्री अडते, मग विमान बनवणारा देश आणि घेणारा देश एकमेकांचे कितीही जिवलग मित्र असोत.

या पद्धतीचा धडा आपल्या देशाने स्वतः घेतलेला आहे. १९७० च्या दशकात भारतीय वायुसेनेला शत्रूच्या हद्दीत खोलवर मारा करणारे विमान हवे होते आणि स्वीडनचे व्हिगेन हे विमान स्पर्धेत होते. स्वीडनची हरकत नव्हती, भारताची तयारी होती. परंतु व्हिगेनचे इंजिन अमेरिकी कंपनीच्या इंजिनावर आधारलेले होते आणि १९७८ मध्ये अमेरिकेने ते विमान भारताला देण्यास नकार दिला. भारताने त्यानंतर ब्रिटन आणि फ्रान्सचे जॅग्वार घेतले, जे आजही वायुसेनेत आहे. त्याच्या एक वर्ष आधी इस्रायलला आपले क्फिर हे विमान इक्वेडोरला विकायचे होते. त्यातही अमेरिकी इंजिन होते आणि तोही व्यवहार वॉशिंग्टनने त्या वेळी रोखला. दोन्ही प्रसंगी विकणारा देश अमेरिकेच्या विरोधातला नव्हता, इस्रायल तर अगदी जवळचा मित्र होता, तरी इंजिनाच्या मालकाचा शब्द शेवटचा ठरला.

इंजिन सोडून लहान भागावरही गाडे अडते. अर्जेंटिनाला कोरियाचे एफए-५० हवे होते, पण त्यात ब्रिटिश बनावटीचे भाग होते, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनने त्या देशाला शस्त्रसामग्री देण्यावर घातलेले निर्बंध कायम होते. कोरियन कंपनीला २०२० मध्ये तसे लेखी कळवावे लागले. आपल्या तेजसचा कागद याच रीतीने भरून पाहावा. त्याचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे, इजेक्शन सीट ब्रिटनच्या मार्टिन-बेकरचे आहे, आणि मार्क-१ए या आवृत्तीच्या सुरुवातीच्या विमानांवरील रडार इस्रायली आहे. याचा अर्थ तेजस परदेशी विकता येणार नाही असा नाही. अर्थ एवढाच की दिल्लीसोबत आणखी तीन सरकारांच्या होकाराची गरज आहे, आणि अर्जेंटिनाची बातमी वाचताना दुसऱ्या, म्हणजे इजेक्शन सीटच्या, ओळीवर बोट ठेवले असते तर कर्जाचा विचार त्याच दिवशी थांबला असता.

शस्त्रास्त्रांची ओळ अनेक जण विसरतात. फ्रान्स राफेलबाबत बराच स्वयंपूर्ण देश मानला जातो. तरी इजिप्तला राफेलसोबत हवे असलेले स्काल्प क्षेपणास्त्र २०१८ मध्ये त्यातील एका अमेरिकी घटकावरून अडकले. शिवाय संयुक्तपणे बनवलेल्या विमानात एकाच भागीदाराचा नकारही पुरतो. युरोफायटर हे ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन यांचे विमान आहे. ब्रिटनला ते सौदी अरेबियाला आणखी विकायचे होते, जर्मनीने अनेक वर्षे आडकाठी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपली भूमिका बदलली. तुर्कस्तानच्या बाबतीत जर्मनीचा होकार जुलै २०२५ मध्ये आला आणि त्यानंतरच, ऑक्टोबरमध्ये, २० विमानांचा सुमारे ८ अब्ज पौंडांचा करार होऊ शकला.

आणि परवानगी एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असेही नसते. विकत घेतलेले विमान तिसऱ्या देशाला द्यायचे झाले तर मूळ देशाला पुन्हा विचारावे लागते. डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेली एफ-१६ युक्रेनला देण्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संमतीची वाट पाहिली, यातच सारे आले.

मैत्री किती खोल आहे, ते पाहावे

सर्वांत प्रगत विमान मित्रालाही दिले जाईलच असे नाही. अमेरिकेच्या एफ-२२ विमानाच्या निर्यातीवर तेथील संसदेने १९९८ च्या आर्थिक वर्षापासून कायद्याने बंदी घातली. जपान हा अमेरिकेचा करारबद्ध मित्र, त्याने हे विमान मनापासून मागितले, तरी बंदी उठली नाही, कारण रडारला न दिसण्याचे तंत्र एकदा बाहेर गेले की ते परत गोळा करता येत नाही. त्याची किंमतही अमेरिकेला मोजावी लागली: परदेशी ग्राहक नसल्यामुळे संशोधनाचा सगळा खर्च थोड्या विमानांवर पडला, १८७ विमानांवर उत्पादन थांबवण्यात आले आणि पुरवठादारांची साखळी विखुरली.

एफ-३५ च्या वेळी उलटी वाट धरली गेली. ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तान यांना आरंभापासून भागीदार करून घेतले, त्यांच्या कारखान्यांना भागांचे काम दिले, आणि आज या विमानांची संख्या एक हजाराच्या पुढे गेली आहे. निर्यात व्यवहार्य करायची असेल तर ग्राहकाला आधीच कारखान्यात वाटा द्यावा, हा मार्ग त्यातून सिद्ध झाला असे माझे मत आहे. परंतु तुर्कस्तानचे पुढे जे झाले ते प्रत्येक लहान कारखानदाराने नीट वाचले पाहिजे. तुर्कस्तानने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घेतली आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला या प्रकल्पातून काढले. तुर्की कारखाने एफ-३५ चे नऊशेहून अधिक भाग बनवत होते. त्यांच्या मशिनी बिघडल्या नव्हत्या, कारागीर बदलले नव्हते, मालात खोट नव्हती. दोन राजधान्यांतील निर्णयामुळे त्यांचे काम टप्प्याटप्प्याने इतरत्र गेले. मी हे वाचले तेव्हा माझ्या शॉपमधील तीन ऑपरेटर डोळ्यांसमोर आले, आणि कोणत्याही एकाच विमानाच्या कामावर शॉप उभे करायचे नाही हे त्याच दिवशी ठरवले.

पैसे भरलेल्या ग्राहकाचीही खात्री नसते. पाकिस्तानने मागवलेली २८ एफ-१६ विमाने १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीमुळे, म्हणजे पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावरून मदत रोखणाऱ्या अमेरिकी कायद्यामुळे, अमेरिकेने अडवली. पाकिस्तानने त्यांच्यापोटी सुमारे ६५ कोटी डॉलर भरलेले होते. विमाने अमेरिकेतच पडून राहिली, तडजोड व्हायला १९९८ साल संपत आले आणि परतफेडीचा काही भाग रोख रकमेऐवजी गव्हासारख्या मालाच्या रूपाने ठरला.

विकणाऱ्याच्या बाजूनेही एक भीती असते: आपण दिलेले शस्त्र शेवटी कोणाच्या हाती पडेल? म्हणूनच प्रत्येक व्यवहारात ‘अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र’ मागितले जाते, म्हणजे हा माल आम्हीच वापरू, दुसऱ्याला देणार नाही आणि ठरलेल्या कामाव्यतिरिक्त वापरणार नाही, असे खरेदीदार सरकारचे लेखी वचन. हे कागदी सोपस्कार वाटणाऱ्यांनी आपल्याच भूमीचा इतिहास आठवावा. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून निजामाच्या राजवटीसाठी चोरून शस्त्रे आणत होता. ती शस्त्रे कोणाविरुद्ध उगारली जाणार होती, हे मराठवाड्यातील प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. माझे आजोबा त्या वर्षी गाव सोडून हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या नातेवाइकांकडे राहिले होते. परवान्याविना गेलेले शस्त्र म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडून कळले, त्यामुळे परवान्याच्या अटींबद्दल माझ्या मनात कधी कुरकुर नसते.

किंमत भागून पाहावी, पण भागाकारावर थांबू नये

भारताने सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल सुमारे ७.८७ अब्ज युरोला घेतली. भागाकार केला तर एका विमानाला जवळजवळ २१.९ कोटी युरो पडतात, आणि त्यावरून पुष्कळ वाद झाले. त्या रकमेत क्षेपणास्त्रे, भारतासाठी केलेले खास बदल, प्रशिक्षण, सुटे भाग आणि ठराविक प्रमाणात विमाने कायम उड्डाणसज्ज ठेवण्याची हमी हे सारे धरलेले होते. खरेदीदार देशाची पत मोजायची असेल तर नुसत्या विमानाची किंमत न धरता अशी पूर्ण रक्कम धरावी, आणि तो देश ती रोखीने देणार आहे की विकणाऱ्याच्या कर्जातून, हे पाहावे. कर्जातून देणार असेल तर विकणाऱ्या देशाची तिजोरीही कागदावर घ्यावी. ‘ठरलेली किंमत’ या शब्दावरही फार विसंबू नये: स्वित्झर्लंडने ३६ एफ-३५ निश्चित किमतीला घेतल्याचे आपल्या जनतेला सांगितले होते आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्या व्यवहारात जादा रकमेची मागणी पुढे केली.

माल तयार कधी होईल, याचा हिशेब स्वतः मांडावा

हा हिशेब कोणीही पाटीवर करू शकतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे तेजस मार्क-१ए च्या दोन मोठ्या ऑर्डर आहेत: फेब्रुवारी २०२१ मधील ८३ विमाने आणि सप्टेंबर २०२५ मधील ९७ विमाने, एकूण १८०. बेंगळुरूच्या दोन उत्पादन रेषांवर वर्षाला १६ आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथील तिसऱ्या रेषेवर ८, अशी पूर्ण क्षमता वर्षाला २४ विमानांची आहे. ओझरच्या रेषेवरील पहिल्या विमानाचे उड्डाण १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. १८० भागिले २४ म्हणजे साडेसात वर्षे, आणि तेही पहिल्या दिवसापासून सर्व रेषा भरून चालतील असे धरले तर. प्रत्यक्षात इंजिनांमुळेच उशीर झाला: २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले.

दुसऱ्या बाजूला आपली गरज पाहावी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी, २९ उरल्या. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. आपलीच वायुसेना वाट पाहत असताना परदेशी ग्राहकाला विमाने द्यायची तर रेषा वाढवाव्या लागतील किंवा आपल्या वायुसेनेच्या वाट्याची काही विमाने मागे सारावी लागतील, आणि हा दुसरा निर्णय कोणत्याही सरकारला सोपा नाही. म्हणून निर्यातीची बातमी येईल तेव्हा त्यात पहिले विमान सुपूर्द करण्याचे वर्ष लिहिले आहे का, ते शोधावे, आणि लिहिलेले असेल तर वरच्या हिशेबाशी ताडून पाहावे.

माझ्या मते आपल्यासाठी नजीकची निर्यात क्षेपणास्त्रे, रडार, तोफा आणि सुटे भाग यांची आहे, संपूर्ण लढाऊ विमानाची नंतरची. ब्रह्मोस क्षेपणास्त्राचा फिलिपीन्सशी करार जानेवारी २०२२ मध्ये झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिला माल पोहोचला. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. लहान शॉपला काम द्यायला हा आकडा पुरेसा मोठा आहे आणि त्यात संपूर्ण लढाऊ विमान एकही नाही.

विक्रीनंतरची तीस वर्षे

गावातला शेतकरी ट्रॅक्टर घेताना पहिल्यांदा विचारतो की पार्ट कुठे मिळतो आणि मिस्त्री किती लांबून येतो. विमान घेणारा देशही हेच विचारतो, कारण लढाऊ विमान तीस ते चाळीस वर्षे वापरले जाते आणि त्या काळात देखभालीवर होणारा खर्च खरेदीच्या खर्चाला कितीतरी मागे टाकतो. अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाने २०२४ मध्ये त्या देशाच्या एफ-३५ ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज १.५८ लाख कोटी डॉलरच्या घरात सांगितला.

येथे आपला एक कटू अनुभव प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भारताने इक्वेडोरला सात ध्रुव हेलिकॉप्टर विकली. त्यांतील चार कोसळली, पहिले तर २००९ मध्येच, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये इक्वेडोरने करार रद्द केला. अपघातांच्या कारणांबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते. काहींत वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवले गेले. परंतु सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, ही त्या देशाची तक्रार मला पुरवठादार म्हणून अधिक लागली. अर्ध्या पृथ्वीपलीकडे एखादे यंत्र लहानशा भागासाठी हँगरमध्ये उभे राहते तेव्हा तेथील तंत्रज्ञाला बेंगळुरू आणि वाळूज यांत फरक दिसत नाही. त्याला फक्त भारत दिसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळून वायुसेनेचा वैमानिक गेला, त्या संध्याकाळी आमच्या शॉपमध्ये कोणी मोठ्याने बोलले नाही.

म्हणून तपासणीत हा प्रश्न असावा: खरेदीदाराच्या देशात किंवा शेजारी दुरुस्तीचे केंद्र उभे राहणार आहे का, सुट्या भागांचा किती वर्षांचा साठा करारात आहे, आणि वैमानिक व तंत्रज्ञांना कोण शिकवणार आहे? या बाबतीत आपल्याकडे जमेची बाजूही आहे. मलेशियाच्या सुखोई-३० वैमानिकांना भारतीय वायुसेनेच्या पथकाने तेथे जाऊन शिकवले होते, आणि ओझरच्या कारखान्याला सुखोईच्या उत्पादनाचा व दुरुस्तीचा दीर्घ अनुभव आहे.

आता आपल्या शॉपपुरते

वरच्या सर्व प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, करार झाला, आगाऊ रक्कमही जमा झाली, असे समजू. तरी ते काम आपल्यापर्यंत येण्यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात असाव्या लागतात.

पहिली गोष्ट परवान्याची. लष्करी वापराच्या वस्तू, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान यांची निर्यात भारतात ‘स्कोमेट’ या सरकारी यादीखाली येते. तिच्यातील सहाव्या वर्गात शस्त्रसामग्री आहे आणि त्या वर्गाचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो. देशातल्या देशात वरच्या पुरवठादाराला माल दिला तर निर्यात परवाना लागत नाही. पण उद्या परदेशी कंपनीने थेट ऑर्डर दिली तर लष्करी विमानासाठी खास बनवलेला तळहाताएवढा ब्रॅकेटही यादीत बसू शकतो. अनेकांना ठाऊक नसते की ड्रॉइंग ईमेलने परदेशी पाठवणे हीसुद्धा तंत्रज्ञानाची निर्यात धरली जाऊ शकते. अमेरिकी मूळच्या ड्रॉइंगवर तर तेथील निर्यात नियम लागू असतात, म्हणून असे ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकून ‘कोणी करून देईल का’ असे विचारणे कटाक्षाने टाळावे.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. विमानाच्या कामासाठी एएस ९१०० ही गुणवत्ता प्रणाली लागते, आणि उष्णताप्रक्रिया किंवा लेपन यांसारख्या खास प्रक्रियांसाठी ग्राहक मान्यता दिलेल्याच ठिकाणाचा आग्रह धरतो. आम्हाला अ‍ॅनोडायझिंगसाठी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवण्यासाठी, माल बेंगळुरूला पाठवावा लागतो. जाण्या-येण्याचे दिवस आणि भाडे कोटेशनमध्ये धरले नाहीत तर नफा रस्त्यातच संपतो. पहिल्या नगाची तपासणी मंजूर होण्यास काही महिने लागतात आणि तेवढ्या काळात बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून मशिनचा हप्ता वाहनांच्या चालू कामातून निघत असेल तरच ते मशिन विमानाच्या कामासाठी घ्यावे, असे मी विचारणाऱ्याला सांगतो.

तिसरी गोष्ट मागोव्याची, आणि ती मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही ७०७५ प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या २४० बुशचा एक लॉट पाठवला होता. सर्व नग सीएमएम या मोजमाप यंत्रावर तपासलेले होते आणि बोअर, म्हणजे आतले भोक, ठरलेल्या मापापासून दहा मायक्रॉनच्या आत होता. पूर्ण लॉट परत आला. कारण असे की धातूच्या बारच्या ज्या टोकावर हीट नंबर (धातू कोणत्या ओतकामातला आहे ते सांगणारा क्रमांक) होता ते टोक आधी कापले गेले होते, आणि उरलेला तुकडा ऑपरेटरने रॅकमध्ये दुसऱ्या तुकड्यांशेजारी ठेवला होता. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट माझ्या फाइलमध्ये होते, पण हे २४० नग त्याच बारमधून निघाले हे मला सिद्ध करता आले नाही. धातू बहुधा बरोबरच होता; ‘बहुधा’ हा शब्द विमानात चालत नाही, हे तपासनिसाचे म्हणणे मला मान्य करावे लागले. तीस वर्षांनी कोठे एखादा बुश फुटला तर त्याच धातूचे बाकीचे नग कोणत्या विमानांत आहेत हे शोधण्याचा दुसरा मार्गच नसतो.

तेव्हापासून आमच्याकडे बार करवतीला लावण्याआधी हीट नंबर त्याच्या दुसऱ्या टोकावर पंचने ठोकला जातो. ठोकणारा आणि पाहणारा अशा दोघांच्या सह्या रजिस्टरमध्ये होतात, आणि नंबर नसलेला तुकडा, कितीही लांब असो, लाल पेटीत टाकून भंगारात जातो. गेल्या दिवाळीनंतर जालन्याचा एक तरुण फाइव्ह अ‍ॅक्सिस मशिनबद्दल विचारायला आला होता. त्याने दुपारभर ते रजिस्टर चाळले, पानांचे फोटो काढण्याची परवानगी मागितली, आणि आपल्या शॉपमध्ये आधी अशी लाल पेटी ठेवतो असे म्हणून कोटेशनचा कागद परत खिशात घातला.